खालच्या फळीची स्थळं

सूनबाई उंदरांचं नेमकं काय करते, हे सासूबाईंनी कित्येक वर्षं कुणाला धड सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर त्या "कॉलेजात असते" एवढं म्हणायच्या आणि समोरच्याच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू करायच्या. त्यांचा तरी काय दोष? सून उंदरांचे अंडकोष काढून त्यांचं वजन करते, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यातून सासूबाईंचा व्यवसाय लग्नं जुळवण्याचा. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मुलींच्या आया पदराआडून, मुलांचे बाप खाकरून आणि सगळेच जण आडून आडून बोलायचे. तिथे असलं सरळ बोलणं परवडणारं नव्हतं.

सूनबाईला मात्र यात लाजण्यासारखं काही दिसत नसे. सस्तन प्राण्यांच्या नरांमधली चढाओढ शिंगांनी आणि दातांनी जेवढी होते, त्याहून जास्त ती मादीच्या पोटात, डोळ्यांना न दिसता होते, असं ती वर्गात अगदी खणखणीत आवाजात सांगे. मागच्या बाकांवर खसखस पिकली की ती थांबायची, "हसून झालं?" असं विचारायची आणि पुन्हा तेच वाक्य आणखी खणखणीत म्हणायची.

तिचा प्रयोग सांगायला सोपा होता. करता करता तिचे केस पांढरे झाले. उंदीरघरात दोन खोल्या. पहिल्या खोलीत प्रत्येक मादीला एकच नर आणि तोही चिठ्ठी टाकून ठरवलेला. ना तिची पसंती, ना त्याची. दुसऱ्या खोलीत प्रत्येक मादीच्या पिंजऱ्यात एकामागून एक तीन नर सोडायचे आणि पिल्लं ज्याची होतील त्याची. पिल्लं वयात आली की पुन्हा तेच. पहिल्या खोलीतल्या नराला कसलीच चिंता नाही. वाटेकरी कुणी नाही, थोडक्यात संसार होतो. दुसऱ्या खोलीत तिघांचे शुक्राणू एकाच वेळी शर्यतीला उतरलेले. ज्याचे जास्त आणि ज्याचे चपळ, त्याची पिल्लं जास्त, आणि त्याचे मुलगे बापाच्या वळणावर जाणार. म्हणजे पिढ्या सरतील तसा दुसऱ्या खोलीतल्या नरांचा शुक्राणूंचा कारखाना वाढायला हवा आणि पहिल्या खोलीतला आक्रसायला हवा. गिऱ्हाईक नसताना कारखाना कोण चालवतं?

आणि तसंच घडत आलं होतं. दुसऱ्या खोलीतले नर मागून पाहिले तर चालताना अवघडल्यासारखे दिसत. पहिल्या खोलीतले सडसडीत, निवांत, खाऊन-पिऊन सुखी. प्रत्येक खोलीत दोन फळ्या होत्या, वरची आणि खालची. वरच्या फळीची सोयरीक वरच्या फळीतच, खालच्या फळीची खालीच. एका फळीवर काही नुसत्या योगायोगाने घडलं तर दुसरी फळी साक्षीला असावी, एवढ्यासाठी ही वेगळी चूल.

विभागप्रमुखांना या सगळ्याचा मनापासून कंटाळा आला होता. त्यांना त्या दोन खोल्या संगणकांसाठी हव्या होत्या. "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात," ते दर बैठकीत म्हणत, "आमच्या बाई उंदीर पोखरून काय काढतात ते विचारू नका." हा विनोद त्यांना इतका आवडायचा की ते तो पुन्हा पुन्हा करत आणि दर वेळी पहिल्यांदा सुचल्यासारखे हसत. शेवटी त्यांनी बाहेरगावचे एक परीक्षक बोलावले. परीक्षक येणार, सगळं पाहणार, आणि उंदीरघर चालू ठेवायचं की बंद करायचं ते सांगणार. सूनबाईचं उभं आयुष्य त्या दोन खोल्यांत होतं आणि आता ते एका अनोळखी माणसाच्या मानेच्या हलण्यावर येऊन ठेपलं होतं.

सासूबाई उंदीरघरात कशा आल्या, तेही सांगायला हवं. उंदीरघराचा रखवालदार निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही. विभागप्रमुख म्हणाले, बघू. जे बघू म्हणतात ते बघत नाहीत, हे सूनबाईला अनुभवाने ठाऊक होतं. तिकडे घरी सासूबाईंचा धंदा बसला होता. तरुण मंडळी आपापली लग्नं फोनवर बोट फिरवून जमवू लागली होती. बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्यांवर वाळलेले कपडे साठायला लागले. सासूबाई दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी पोरापोरींच्या जोड्या मनातल्या मनात लावायच्या आणि संध्याकाळी मुलाला सांगायच्या, "समोरच्या औषधाच्या दुकानातला पोरगा आणि त्या टपालातली मुलगी. अगदी जमेल बघ. पण त्यांना सांगणार कोण?" मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर माणसांना वर-खाली करून तो थकलेला असे. तो "हं" म्हणायचा.

एक दिवस सूनबाई नुसतं बोलून गेली, "आई, माझ्या मदतीला याल का? पिंजरे साफ करायचे नाहीत, नुसतं दाणा-पाणी आणि जोड्या लावायच्या."

"कशाच्या जोड्या?"

"उंदरांच्या."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "कधीपासून येऊ?" म्हणाल्या.

पांढरा अंगरखा घालून सासूबाई पहिल्या खोलीत रुजू झाल्या. काम सोपं होतं. दोन डबे, एकात माद्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात नरांच्या. यातली एक काढायची, त्यातली एक काढायची, आणि दोघांना एका पिंजऱ्यात ठेवून वर नंबरांचं टाचण लावायचं. त्यांचे गुडघे त्यांना स्टुलावर चढू देत नसत म्हणून वरच्या फळीच्या चिठ्ठ्या सूनबाई स्वतः टाकायची आणि खालची फळी सासूबाईंकडे. दुसऱ्या, चढाओढीच्या खोलीत मात्र त्यांनी एकदाच डोकावलं. "एकीला तिघं? शिव शिव," म्हणून जे दार लावलं ते पुन्हा उघडलं नाही.

दीड वर्ष असं छान चाललं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर पुन्हा तकाकी आली. जेवताना त्या बोलायला लागल्या. "तुझ्या त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातलीला नऊ पिल्लं झाली," असं त्या अशा थाटात सांगत की जणू बारशाचं आमंत्रण आलंय. सूनबाईला बरं वाटायचं. सासू-सुनेला बोलायला एक विषय मिळाला होता, मग तो उंदरांचा का असेना.

परीक्षक यायच्या आधल्या आठवड्यात सूनबाई नव्या पिढीची, रखवालदार गेल्यापासून राहून गेलेली मोजणी करायला बसली. पिल्लं झालेले नर घ्यायचे, अंडकोष तोलायचे, त्यातल्या शुक्रनलिकांचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, शुक्राणू मोजायचे. हे काम ती झोपेतही करू शकली असती. वरच्या फळीचे नर नेहमीसारखेच निघाले, आटोपशीर. मग तिने खालच्या फळीचा पहिला नर घेतला आणि काट्याकडे पाहतच राहिली.

तिने काटा पुसला. पुन्हा तोललं. दुसरा नर घेतला, तिसरा घेतला. पहिल्या खोलीच्या खालच्या फळीवरचे हे एकनिष्ठ, निवांत, सडसडीत गृहस्थ चढाओढीच्या खोलीतल्या पैलवानांच्या तोडीला येऊ बघत होते. नलिका गच्च भरलेल्या, शुक्राणू ओसंडून वाहणारे. जिथे स्पर्धा नाही तिथे एवढी तयारी! सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. खरंच असं होत असेल तर तिचा सिद्धान्तच उताणा पडत होता आणि तोही परीक्षक दारात असताना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आधी तिला वाटलं, टाचणांची अदलाबदल झाली असेल. ती नव्हती. मग दाण्यावर संशय घेतला. दाणा एकाच पोत्यातला. मग दिव्यांवर, जमिनीच्या उबेवर, शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर. नवऱ्याला विचारलं, त्याने विचार करून सांगितलं, "खालचा मजला नेहमी जास्त वापरात असतो." त्याचं उत्तर लिफ्टबद्दल होतं, पण सूनबाई तिथेच अडकली. खालीच का? वर का नाही? खाली असं काय आहे, जे वर नाही?

दुसऱ्या दिवशी जोड्या लावायचा मुहूर्त होता. सूनबाई पावलांचा आवाज न करता उंदीरघरात गेली आणि दाराच्या काचेतून आत बघू लागली.

सासूबाई खालच्या फळीपुढे पाट टाकून बसल्या होत्या. मांडीवर चिठ्ठ्यांचा डबा. त्यांनी एक चिठ्ठी काढली, वाचली, आणि तो नर शेपटीला धरून पिंजऱ्यातून उचलला. चष्मा नाकावर खाली घेतला. उंदीर डोळ्यांसमोर धरून त्यांनी त्याला सावकाश वळवलं आणि मागून नीट निरखून पाहिलं.

"छे," त्या पिंजऱ्यातल्या मादीला म्हणाल्या. "हा नको गं बाई तुला. नाकीडोळी बरा आहे, पण मागे काहीच ऐवज नाही. उद्या पाळणा हलायचा कसा?" त्यांनी चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकली, डबा हलवला आणि दुसरी काढली. पुन्हा तपासणी. तिसऱ्या वेळी जो नर निघाला, तो पाहून त्यांचा चेहरा उजळला. "हं! याला म्हणतात घराणं. जा, नांदा सौख्यभरे."

सूनबाईच्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्याच क्षणी तिला हसूही आलं. काय करावं ते न कळून ती दाराला डोकं टेकून उभी राहिली. दीड वर्ष! पिढीमागून पिढी! जिथे चढाओढ नसावी म्हणून ती जीव टाकत होती, तिथे सासूबाईंनी चक्क वधूपरीक्षा उलटी करून वरपरीक्षा चालवली होती आणि तीही नेमकी त्याच गोष्टीची. नरांमध्ये स्पर्धा लावायला तिसऱ्या नराची गरज नव्हती. सासूबाईंचा चष्मा पुरेसा होता.

घरी जेवणं झाली. मग ताटं उचलली गेली आणि तिचा तोल गेला.

"आई, चिठ्ठ्या टाकायच्या होत्या!"

"टाकल्या की," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"तुम्ही निवडत होतात. मी पाहिलं."

"चिठ्ठ्याच टाकत होते. योग्य निघेपर्यंत टाकत होते, एवढंच." त्यांना यात खोटं बोलल्यासारखं काही वाटत नव्हतं आणि तेच सूनबाईला जास्त झोंबत होतं. "आणि तू म्हणालीस, जोड्या लावा. मला कुणी जोडी लाव म्हटलं तर मी आंधळ्यासारखी लावू? हयात गेली माझी यात. माणसांत पगार बघितला, घर बघितलं, उंची बघितली. आणि जे सगळ्यात महत्त्वाचं ते कधी विचारता आलं नाही. किती पोरी रडत परत आल्या माझ्या दाराशी, मूल नाही म्हणून. इथे निदान डोळ्यांना दिसतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाची दुरुस्ती करू लागला. नळ बिघडलेला नव्हता.

"पण आई, त्याने काही फरक पडत नाही!" सूनबाई जवळजवळ ओरडलीच. "वरच्या फळीवरच्या बारक्या नरांना पण तेवढीच पिल्लं होतात. मोजून बघा. एकच नर असला की थोडं पुरतं. जास्तीचं लागतं ते दुसरा शर्यतीत असला तर. गोरिला माहीत आहे ना? केवढा धिप्पाड! त्याच्या कळपातल्या माद्यांकडे दुसऱ्या कुणाची बघायची टाप नाही. म्हणून त्याचा ऐवज, तुमच्या भाषेत, एवढासा. आणि चिंपांझी? गोरिलाच्या चौथाई अंगाचा. पण त्याच्या माद्या सगळ्यांच्या, म्हणून ऐवज गोरिलाच्या चौपट. शरीर बघून नाही, शेजारी बघून ठरतं ते."

सासूबाईंनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या माकडांचं मला सांगू नकोस. ज्या घरात भरलेली कोठी, ते घर चांगलं. यात शिकायचं काय आहे?"

"तुम्ही माझं सगळं काम बुडवलंत," सूनबाई म्हणाली. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. कारण दीड वर्ष ज्या माणसाला आपण आपल्या कामात ओढलं, त्याला आपलं काम काय आहे हे कळलंच नव्हतं, आणि तिने ते कधी बसून सांगितलंही नव्हतं. दाणा टाका, पाणी टाका, चिठ्ठी काढा, एवढंच. विद्यार्थ्यांना खणखणीत आवाजात सांगणारी बाई घरात मात्र सासूबाईंइतकीच आडून बोलत आली होती.

सासूबाई उठल्या. त्या आपल्या खोलीत गेल्या आणि आतून रेडिओचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा आला.

परीक्षक आले. उंच, वाकलेले, हातात छत्री, बोलणं मोजकं. विभागप्रमुख त्यांच्या पुढे-मागे करत होते आणि उंदीर पोखरण्याचा विनोद जिन्यातच करून मोकळे झाले होते. परीक्षक हसले नाहीत, त्यामुळे सूनबाईला ते तेवढ्यापुरते आवडले.

रात्रभर तिच्या मनात एकच विचार घोळत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. खालची फळी दाखवायचीच नाही, तिथे रोग आला होता असं सांगायचं, वरच्या फळीवर निभावून न्यायचं. कुणाला कळणार होतं? पण टेबलावर आकड्यांचे कागद मांडताना तिच्या हातांनी खालच्या फळीचेही कागद मांडले. खोटं बोलून ते उंदीरघर टिकवलं असतं, तर उद्यापासून तिथलं कुठलं वजन तिने खरं मानलं असतं?

"ही फळी बिघडली आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष नर चिठ्ठीने निघाले नाहीत. निवडून घेतले गेले."

"कशावरून निवडले?" परीक्षकांनी विचारलं.

"मागून बघून."

"कोणी?"

"माझ्या सासूबाईंनी."

विभागप्रमुखांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांना विनोदही सुचेना. परीक्षक मात्र गंभीर झाले. त्यांनी खालच्या फळीचे कागद जवळ ओढले आणि बराच वेळ दीड वर्षापूर्वीच्या आणि आताच्या वजनांवरून बोट फिरवलं. "त्यांना बोलवा," म्हणाले.

सासूबाई दाराबाहेरच्या बाकावरच बसल्या होत्या. सकाळी त्या सुनेच्या मागून आल्या होत्या. आत येऊन त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदर सारखा केला, आणि समोरच्या वाकलेल्या माणसाकडे त्यांनी मुलाच्या बापाकडे बघावं तसं पाहिलं.

"आपण नर कसे पसंत करत होतात?" परीक्षकांनी विचारलं.

सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं. बैठकीच्या खोलीत उभा जन्म आडून बोलण्यात गेलेली ती बाई. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्या एकदम, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अंडकोष बघून. मोठे अंडकोष असतील तो घेत होते. बारीक असेल तो टाकत होते. सूनबाईला यातलं काही माहीत नव्हतं. चूक माझी आहे. तिची फळी बंद करू नका."

विभागप्रमुखांचा रुमाल तोंडावरच राहिला. सूनबाई सासूबाईंच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

परीक्षकांनी कागद खाली ठेवले. वरची फळी शाबूत आहे, ती चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती. खालच्या फळीचं काय, हा प्रश्न होता. ती मारून टाकावी असं त्यांचं मत दिसत होतं.

"मारू नका," सूनबाई म्हणाली. "उलट आता पुन्हा चिठ्ठीवर आणू या. निवड केली तेव्हा कारखाना एवढ्या झटक्यात वाढला. निवड काढून घेतली तर तो परत आक्रसतो का, आणि किती पिढ्यांत, ते बघता येईल. कसं घडलं तेही सगळं छापू. काही न लपवता."

परीक्षकांची मान हलली, पण अर्धीच. "आणि चिठ्ठ्या कोण टाकणार? ज्यांनी एकदा निवडलं, त्यांना पुन्हा निवडायचा मोह होणार. दुसरं माणूस ठेवा."

दुसरं माणूस नव्हतं, हे एक. पण सूनबाईच्या मनात आलं ते वेगळंच. तिला ती खिडकी आठवली, ज्यात बसून सासूबाई परक्या पोरांच्या जोड्या लावायच्या. "त्याच टाकतील," ती म्हणाली, आणि आपण असं कसं म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"खात्री काय?"

"खात्री बघायला चला," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सगळे पहिल्या खोलीत गेले. सासूबाई पाटावर बसल्या, त्यांच्यामागे तिघं उभे. त्यांनी पहिल्या डब्यातून चिठ्ठी काढली. निघाली ती त्यांची सगळ्यात लाडकी मादी, जिला त्या राणीसरकार म्हणायच्या: भरलेल्या अंगाची, चकचकीत केसांची, पिंजऱ्याच्या मधोमध बसणारी. तिच्यासाठी त्यांच्या मनात एक स्थळ कधीपासून पक्कं होतं. तो पैलवान शेजारच्याच पिंजऱ्यात मिशा पुसत होता. सासूबाईंनी दुसऱ्या डब्यात हात घातला, चिठ्ठी बाहेर काढली आणि उलगडली.

निघाला होता तो बारक्या. अख्ख्या खालच्या फळीवर त्यांच्या नजरेतून दर वेळी नापास झालेला, काटकुळा, कानाला भोक पडलेला. त्यांनी चिठ्ठी धरली ती धरलीच. त्यांचा हात डब्याकडे किंचित सरकला. एवढ्या वर्षांचं काम त्या हातात होतं, आणि तो हात कुठे जातो हे बघण्यापलीकडे तिला काहीच करता येत नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरात ठेवला, आणि मागून न बघता बारक्याला उचलून राणीसरकारच्या पिंजऱ्यात सोडलं. झाकण लावलं. टाचण लावलं.

परीक्षकांची मान या वेळी पूर्ण हलली. "चालू ठेवा," ते म्हणाले आणि छत्री उचलून निघाले. विभागप्रमुख त्यांच्या मागे संगणकांबद्दल काहीतरी सांगत जिन्यावरून उतरले.

सूनबाई पाटाशेजारी जमिनीवर बसली. आत बारक्या राणीसरकारभोवती बावळटासारखा घिरट्या घालत होता आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. सासूबाई बराच वेळ त्या दोघांकडे पाहत राहिल्या.

"हा अगदीच बारका आहे गं," शेवटी त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "पण तिथे दुसरा कोण आहे? त्याच्याशी शर्यत लावायला कुणी नाही, मग त्याला जास्तीचं काय करायचंय? आहे तेवढ्यात भागेल. तुझे सासरेही असेच होते, काडीएवढे. भागलंच की आमचं."

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. तिच्या सगळ्या पुस्तकांत जे पानंच्या पानं भरून लिहिलेलं होतं, ते घरातल्या कुणीतरी पहिल्यांदाच तिला परत सांगितलं होतं. तिला रडू येत होतं, आणि सासऱ्यांचं ऐकून हसूही आवरत नव्हतं.

"हसतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "पुढची चिठ्ठी काढ."